भर उन्हात बंद पडलेली हवा : परभणीतल्या एका फिश टँकचं प्रकरण

परभणीतलं एक स्लॅबचं घर. छतावर ३ किलोवॅटचं सोलर, २०२४ साली आलेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून बसवलेलं. ७८ हजारांची सबसिडी मिळाली, लाईटबिल नावापुरतं उरलं. हॉलमध्ये तीन फुटी फिश टँक. त्यात चार एंजल, काळ्या मोली, दोन जुने गोल्डफिश आणि काच चाटत फिरणारा एक सकर. आल्यागेल्याला घरातले कौतुकाने सांगायचे, आमचे मासेसुद्धा उन्हावर जगतात.

मे महिन्यातल्या एका दुपारी दोनच्या सुमारास लाईट गेली आणि टँकचा हवेचा पंप बंद पडला. तासाभरात एंजल पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड मारायला लागले. गोल्डफिश तर आडवेच व्हायला आले होते. त्याच वेळी छतावरचे पॅनल रणरणत्या उन्हात तापत पडले होते आणि त्यांतून घराला एक वॅटही मिळत नव्हता.

घर माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचं. सर आता निवृत्त आहेत. मी वायरिंगची आणि छोट्या सोलरची कामं करतो आणि मासे पाळायचा नादही आहे, त्यामुळे काकूंचा फोन मलाच आला. "अरे, मासे वर यायलेत सगळे. छतावर एवढं सोलर बसवलंय आणि लाईट गेली की हे पण बंद. काय उपयोग त्याचा?"

प्रश्न रास्त होता. योजनेतून ज्यांनी छत भरून घेतलंय आणि ज्यांच्या हॉलमध्ये मासे आहेत, त्या प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतोय.

कागदावर उजेड, टँकमध्ये अंधार

छतावर बसतो तो सोलर इन्व्हर्टर 'ग्रिड-टाय' जातीचा असतो. तो स्वतःची लय ठरवत नाही. खांबावरून येणाऱ्या विजेची लय बघतो आणि तिच्या मागोमाग चालतो. खांबावरची वीज गेली की त्याला मुद्दाम थांबवलेलं असतं, तेही दोन सेकंदांच्या आत. कारण साधं आहे. लाईन बंद आहे असं समजून लाईनमन खांबावर चढलेला असतो. तेव्हा एखाद्या घराच्या छतावरून लाईनमध्ये वीज घुसली तर त्याचा जीव जाईल. यासाठी भारतीय मानक आहे, आयएस १६१६९, आणि त्यात उतरलेला इन्व्हर्टरच योजनेत चालतो. म्हणजे ती यंत्रणा नेमकं तेच करत होती, जे तिने करायला हवं. फक्त विकताना हे कुणी ठळकपणे सांगत नाही.

वर्षाचा हिशेब मांडला तर घरच्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्याकडे १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरायला हरकत नाही; म्हणजे या छतावरून वर्षाला चार हजारांहून जास्त युनिट येतात. टँक वर्षाला खातो दोन-तीनशे. नेट मीटरिंगमध्ये दुपारी दिलेले युनिट रात्री परत मिळतात, बिल जुळतं, आणि मासे 'सौर ऊर्जेवर' आहेत असं म्हणता येतं. पण मासा वर्षाच्या सरासरीवर श्वास घेत नाही. बिलाचा प्रश्न आणि हवेचा प्रश्न असे दोन वेगळे प्रश्न इथे आहेत. या घराने पहिला सोडवला होता आणि दुसराही त्यातच सुटला असं धरलं होतं.

त्यात मराठवाड्यातला मे. पाण्यात प्राणवायू किती मावतो ते तापमानावर ठरतं. समुद्रसपाटीला २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो. ३४ अंशांना तो सातच्या आसपास येतो. परभणी उंचावर असल्यामुळे त्याहूनही थोडा कमी. उलट तापमान दहा अंशांनी चढलं की माशाची प्राणवायूची गरज जवळपास दुप्पट होते. म्हणजे पुरवठा घटतो तेव्हाच मागणी वाढते. फिल्टरमधले जिवाणूही प्राणवायूच खातात. शिवाय आपल्या काळ्या दगडातलं बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी. पाण्याचा पीएच ८ असेल तर त्यातल्या एकूण अमोनियापैकी विषारी रूपातला हिस्सा २५ अंशांना साधारण साडेपाच टक्के असतो, ३० अंशांना साडेसात. त्या दुपारी हॉलमधल्या टँकचं पाणी ३४ अंशांवर होतं. अशा पाण्यात हवा बंद पडली की हातात फार वेळ नसतो.

काकूंना फोनवरच सांगितलं, तांब्याने टँकमधलंच पाणी काढून हातभर उंचीवरून परत सोडत राहा. फळीवर थेंब उडाले, पण मासे वाचले. लाईट गेल्यावर यापेक्षा स्वस्त उपाय नाही, फक्त तांब्या धरायला माणूस लागतो.

घरच्या इन्व्हर्टरवर टाकून बघितलं

हॉलमध्ये बॅटरीवाला नेहमीचा इन्व्हर्टर होताच: ८५० व्हीएचा, १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीसह, पंखे-दिव्यांसाठी. सरांनी दुसऱ्याच दिवशी टँकचा प्लग त्या लाईनवर घेतला. तास-दोन तासांसाठी लाईट जायची तेव्हा हे छान चाललं. जूनच्या तोंडावर वळीव झाला, वाऱ्याने कुठेतरी खांब आडवा झाला आणि लाईट रात्रभर गेली, दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत आली नाही. उकाड्यात पंखे रात्रभर चालले. पहाटे इन्व्हर्टरने शिट्टी मारली आणि सगळं एकदम बंद. सरांनी सकाळचा चहा टँकसमोर उभं राहून, एका हातात तांब्या घेऊन प्यायला.

इथे एक गोष्ट नीट मोजायला हवी होती. घरचा इन्व्हर्टर काहीही लोड नसताना, नुसता चालू राहण्यासाठी १५ ते २० वॅट खातो. माशांचा हवेचा पंप चालतो ३-४ वॅटवर. म्हणजे माशांना चार वॅट पोचवण्यासाठी बॅटरीतून वीस-पंचवीस वॅट जात राहतात. घरात पंखे चालू असताना हे लक्षात येत नाही. नुसत्या टँकसाठी तो इन्व्हर्टर चालवत ठेवणं म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज नुसती उष्णतेत घालवणं.

छतावरचा इन्व्हर्टर बदलून हायब्रिड, म्हणजे खांबावरची वीज गेली तरी बॅटरीच्या आधाराने चालणारा, घ्यायचा आणि त्याला मोठी लिथियम बॅटरी जोडायची, हा दुसरा पर्याय. त्याने सगळं घरच लाईट गेल्यावर चालतं. पण खर्च लाखाच्या घरात, आणि मंजूर झालेल्या सिस्टिममध्ये बदल म्हटल्यावर पुन्हा कागदपत्रं. चार एंजलसाठी हे सुचवायची माझी हिंमत झाली नाही.

आधी मोजमाप

प्लगला लावायचं छोटं वॅटमीटर घेऊन गेलो. सरांनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे रकाने आखले. पॉवर फिल्टरवर १५ वॅट छापलं होतं, मीटरवर १३ दिसले. चोवीस तासांचे ३१२ वॅट-तास (हजार वॅट-तासांचं एक युनिट). हवेचा पंप साडेतीन वॅट, म्हणजे दिवसाचे ८४. एलईडी १८ वॅटचा आणि तो सकाळी लावला की झोपेपर्यंत चालू, चौदा तास, त्याचे २५२. सगळे मिळून ६४८ वॅट-तास, पाऊण युनिटाच्या आत. हीटर १०० वॅटचा, तो फक्त थंडीत. त्याचा हिशेब वेगळा ठेवला.

पॅनलवाल्याकडे हा ६४८चा आकडा घेऊन गेलात तर तो ३०० वॅटचं पॅनल, त्याला साजेशी बॅटरी आणि वर एक इन्व्हर्टर असं पाकीट हातात देईल. पण त्या रकान्यांकडे दुसऱ्या नजरेने बघितलं तर लाईट गेल्यावर माशांना खरोखर लागतात ते फक्त ८४. दिवा त्यांना नकोच असतो. फिल्टरचं महत्त्वाचं काम म्हणजे अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना घर देणं, आणि ते काम दुसरीकडे हलवता येतं.

म्हणून माझं मत ठाम झालं: टँकसाठी सोलर बसवायचं तर आधी टँक बदलायचा, पॅनल नंतर. सरांना हे पटायला वेळ लागला. शिक्षक माणूस, त्यांना सगळा टँक जसाच्या तसा उन्हावर चालवून दाखवायचा होता.

टँकमध्ये काय बदललं

पहिला बदल जागेचा. टँक पश्चिमेच्या खिडकीखाली होता. संध्याकाळचं ऊन थेट काचेवर, आणि पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत तापलेली. तीन फूट बाय एक फूट बाय दीड फूट, सव्वाशे लिटरचा टँक. खडी-दगड वजा जाता पाणी १०० लिटरच्या आसपास. भरलेला टँक हलवायचा नसतो, तळाची काच तडकते. पाणी ड्रममध्ये काढलं, मासे बादलीत, खडी ओलीच ठेवली आणि टँक आतल्या उत्तरेकडच्या भिंतीला नेला. या एका बदलाने दुपारचं तापमान दोन अंशांनी उतरलं आणि त्याला एक रुपयाचंही पॅनल लागलं नाही. काकूंना सोफा हलवावा लागला याचा राग होता, तो बरेच दिवस टिकला.

मग मासे. गोल्डफिश थंड पाण्याचे, एंजल उबदार पाण्याचे. दोघांना एका टँकमध्ये ठेवायची आपल्याकडे सवयच पडली आहे, कारण दुकानात रंग बघून घेतात. शिवाय गोल्डफिश घाण भरपूर करतात आणि प्राणवायूही भरपूर खातात. ते दोन्ही सरांच्या भावाच्या शेतातल्या सावलीच्या सिमेंट हौदात गेले. सकर वीतभर झाला होता, तो दुकानदाराने परत घेतला. कुणी सांगेल की पूर्णेत किंवा दुधनेत सोडून द्या. अजिबात सोडू नका. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आहे, चिवट आहे, आणि देशातल्या काही नद्यांत त्याने आधीच बस्तान बसवलंय.

तिसरा बदल सगळ्यात महत्त्वाचा: स्पंज फिल्टर. हवेच्या नळीवर चालणारा साधा स्पंज, दुकानात दोन-तीनशे रुपयांना मिळतो आणि दिसायला ओबडधोबड म्हणून लोक टाळतात. बुडबुडे वर जाताना स्पंजमधून पाणी ओढतात. स्पंजमध्ये जिवाणू वसतात, बुडबुड्यांनी पृष्ठभाग हलता राहतो आणि प्राणवायू मिसळतो. एका चार-पाच वॅटच्या पंपावर गाळणी आणि हवा दोन्ही कामं. दोन स्पंज दोन कोपऱ्यांत टाकले. जुना पॉवर फिल्टर लगेच काढला नाही. जिवाणूंना नव्या घरात रुळायला महिना-दीड महिना लागतो, तोवर दोन्ही सोबत चालवले. आता पॉवर फिल्टर नुसता कापूस घालून पाणी निवळ ठेवायला चालतो, खांबाच्या विजेवर. तो बंद पडला तर पडला. मात्र त्यातला कापूस दर आठवड्याला धुवायचा. घाणीने भरलेला फिल्टर चार-सहा तास बंद राहिला की आतलं पाणी सडतं आणि लाईट आल्यावर तेच टँकमध्ये येतं.

स्पंज नळाच्या पाण्याखाली धुवू नये. त्यातल्या क्लोरिनने जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळायचा.

जोडणी

पॅनल १०० वॅटचं, १२ व्होल्टच्या जातीचं, पॅनलमधून बॅटरीत जाणारी वीज ताब्यात ठेवणारा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर, १२.८ व्होल्ट, ३० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. तिच्यावर थेट १२ व्होल्टचा हवेचा पंप, ५ वॅटचा. मध्ये इन्व्हर्टर नाही. एलईडी पट्टीही १२ व्होल्टची, १० वॅटची, संध्याकाळी सहा तास. उन्हाळ्यात ३ वॅटचा छोटा पंखा पाण्यावर वारा मारायला, दिवसातून बारा तास. पंपाचे १२०, दिव्याचे ६०, पंख्याचे ३६. उन्हाळ्यातला एकूण खर्च २१६ वॅट-तास, इतर वेळी १८०.

आपल्याकडे वर्षाची सरासरी धरली तर पाच तासांच्या पूर्ण उन्हाएवढी ऊर्जा पॅनलवर पडते. धूळ, तापमान, कंट्रोलर यांचा तोटा धरून साठ टक्के हातात येतात असं मानलं तर १०० वॅटमधून ३०० वॅट-तास. पुरतात. बॅटरीत ३८४ वॅट-तास, त्यांतले ८० टक्के वापरायचे म्हटलं तर तीनशेच्या वर. दिवा-पंखा बंद ठेवून नुसती हवा चालवली तर सूर्य न दिसताही अडीच दिवस निघतात. सगळा हिशेब त्या अडीच दिवसांवर बेतला आहे, कारण वळवात आडवा झालेला खांब साधारण तेवढ्यात उभा राहतो.

केबलवर थोडं थांबतो, कारण या छोट्या सिस्टिम बहुतेक इथेच मार खातात. १२ व्होल्टचं पॅनल म्हणतात त्याचा कामाचा दाब १८ व्होल्टच्या आसपास असतो, पण तो २५ अंशांना मोजलेला. मे महिन्यात गच्चीवर पॅनल ६५ अंशांना तापतं आणि दाब पंधरा-सोळावर येतो. लिथियम बॅटरी पूर्ण भरायला सव्वाचौदा-साडेचौदा व्होल्ट लागतात. गच्चीपासून हॉलपर्यंत १५ मीटर अंतर; दीड चौरस मिलिमीटरची घरगुती वायर ओढली तर साडेपाच अँपिअरला जाऊन-येऊन दोन व्होल्ट वायरमध्येच जातात. मग बॅटरीपर्यंत साडेतेरा पोचतात आणि ऐन उन्हात बॅटरी अर्धीच भरते. लोक म्हणतात बॅटरी खराब निघाली. आम्ही ४ चौरस मिलिमीटरची सोलर केबल घेतली. घट पाऊण व्होल्टवर आली. पॅनल स्लॅबला चिकटवून न ठेवता वीतभर उंच अँगलवर बसवलं, म्हणजे खालून वारा खेळतो.

बॅटरी गच्चीवर ठेवायची नाही, टँकच्या खालच्या कपाटात ठेवायची. बॅटरीच्या धन टोकाला लागूनच १० अँपिअरचा फ्यूज. वायरी टँककडून खाली येताना एक झोल सोडायचा, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाशी टपकतं, कनेक्शनपर्यंत जात नाही. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायचा. खाली असला तर तो थांबताच पाणी नळीतून उलटं येऊन पंपात, तिथून कपाटात आणि बॅटरीवर. जागेअभावी खाली ठेवावा लागला तर नळीत एकेरी वॉल्व्ह हवाच. हीटर आणि पॉवर फिल्टर २३० व्होल्टवर आहेत, तेव्हा त्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाईन तोडणारा स्विच, बसवला. पाण्यात हात घालणाऱ्या घरात हा खर्च टाळू नये.

तीन ऋतू

उन्हाळ्यात काम केलं ते तीन वॅटच्या पंख्याने. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की पाण्यावरून वारा गेला की पाणी झपाट्याने उडतं आणि उरलेलं गार होतं, माठाचंच तत्त्व. एक लिटर पाणी उडताना ६७० वॅट-तासांहून जास्त उष्णता घेऊन जातं. पंखा दिवसाला खातो ३६ वॅट-तास. एवढ्या स्वस्तात थंडावा देणारं दुसरं यंत्र मला माहीत नाही. हॉलमध्ये ३८ अंश असताना टँकचं पाणी ३०च्या आसपास राहिलं. जागा बदलल्याचे दोन अंश त्यातच आले.

याची किंमत पाण्यात मोजावी लागते. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी उडतं. वाफ होते ती शुद्ध पाण्याची, क्षार मागेच राहतात. बोअरच्या पाण्यानेच भर घालत गेलात तर महिन्याभरात पाणी आणखी जड होतं. म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड पाण्याची. आरओतून बाहेर टाकलं जाणारं पाणी 'वाया जातंय' म्हणून टँकमध्ये ओतणारे लोक पाहिलेत. त्यात क्षार दाटलेले असतात, ते नेमकं उलटं होतं. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मराठवाड्यात बसून माशांसाठी रोज दोन लिटर पाणी हवेत उडवतोय, ही टोचणी काकूंनी बोलून दाखवली. त्यांनी त्यावर स्वतःच मार्ग काढला: आठवड्याला बदललेलं २० लिटर पाणी आता मोरीत जात नाही, कढीपत्ता आणि मोगऱ्याला जातं. माशांच्या पाण्यातलं नायट्रेट झाडांना हवंच असतं.

पावसाळ्याची सरांना धास्ती होती, पण तो सोपा गेला. मराठवाड्यातला पाऊस खंड पाडण्यात पटाईत. शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो तेव्हा गच्चीवरचं पॅनल मजेत असतं. सलग दाट ढगांच्या दिवसांत दोनच तासांएवढं ऊन मिळालं, १२० वॅट-तास. हवेचा खर्चही तेवढाच. अशा दिवशी दिवा लावायचा नाही, एवढा एकच नियम घरात केला. दमट हवेत पंख्याचा उपयोग होत नाही, पण तेव्हा पाणी मुळात तापतही नाही. शिवाय खांबाच्या विजेवर चालणारा छोटा लिथियम चार्जर कपाटात ठेवलाय, बॅटरी फारच उतरली तर लावायला.

धूळ मात्र ढगांपेक्षा वाईट. मार्च ते मे पॅनलवर मातीचा पातळ थर बसतो. सर दर आठवड्याला सकाळी लवकर ओल्या फडक्याने पुसतात. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये आणि बोअरचं पाणी वाळू देऊ नये, पांढरे डाग धरतात.

थंडीचं गणित वेगळं आहे. परभणीला लोक उन्हाळ्यासाठी ओळखतात, पण थंडीत इथलं तापमान पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या नोंदी कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्राकडे आहेत. पहाटे हॉल पंधरावर येतो आणि एंजलना २४-२५ तरी हवेत. १०० लिटर पाणी एक अंशाने तापवायला ११६ वॅट-तास लागतात. हीटर डिसेंबर-जानेवारीत निम्मा वेळ चालू राहिला, म्हणजे दिवसाला १.२ युनिट: हवा, दिवा, पंखा सगळ्यांच्या पाचपटीहून जास्त. एवढं बॅटरीतून द्यायचं तर पॅनल पाचपट आणि बॅटरी चौपट लागेल, आणि वर्षाचे दहा महिने ती पडून राहील. हीटर खांबाच्या विजेवरच ठेवला. छतावरचे ३ किलोवॅट दिवसा त्याची भरपाई करतातच.

सरांचा आक्षेप होता, थंडीत रात्री लाईट गेली तर? उत्तर त्यांच्याच विषयातलं होतं. हीटर निम्मा वेळ चालतो म्हणजे टँकमधून सरासरी ५० वॅट उष्णता बाहेर जाते. लाईट गेल्यावर एक अंश उतरायला दोन-अडीच तास लागतात, आणि पाणी जसं गार होतं तसा वेग आणखी मंदावतो. हवा गेली तर तासाभरात प्राण कंठाशी येतात; ऊब गेली तर रात्र काढता येते. मग तीन बाजूंना थर्माकोल आणि वर काचेचं झाकण दिलं, हीटरचा खर्च तिसऱ्या हिश्श्याने उतरला. झाकणाला हवेसाठी फट ठेवली.

पैशांचं

पॅनल, बॅटरी, कंट्रोलर, केबल, पंप, स्पंज सगळं धरून पंधरा हजारांच्या आत काम झालं. त्यात बॅटरीच निम्म्यावर. मजुरी सरांकडून कशी घेणार, ती धरलेली नाही. वाचतात किती? सोलरवर गेलेला खर्च दिवसाला १८० वॅट-तास, म्हणजे वर्षाला ६५ युनिटांच्या आसपास. युनिट आठ रुपयांचं धरलं तरी सव्वापाचशे रुपये. पंधरा हजार वसूल व्हायला अठ्ठावीस वर्षं लागतील, आणि तोवर बॅटरी दोनदा तरी बदलावी लागेल. बिल वाचवण्यासाठी कुणी हे करत असेल तर करू नये.

शहरात राहत असाल, लाईट तास-दोन तासच जात असेल, तर हेही करायची गरज नाही. बॅटरी आत असलेला, लाईट गेली की आपोआप सुरू होणारा हवेचा पंप हजार-दीड हजारात मिळतो. तो आणि एक स्पंज फिल्टर, बस. खेड्यात जिथे लाईट सलग आठ-आठ तास नसते आणि छतावर दुसरं सोलरही नाही, तिथे मात्र ही १०० वॅटची जोडणी मला योग्य वाटते. तीच बॅटरी मोबाईल चार्ज करायला आणि रात्रीच्या एका दिव्यालाही होते. सरांच्या घराला ती थोडी जास्तच आहे. पण वळवाच्या रात्री झोप लागते, असं काकू म्हणतात, आणि त्याचे रुपये मी कसे लावणार.

पवनचक्कीबद्दल सरांनी विचारलंच होतं. बालाघाटाच्या डोंगरांवर चक्क्या फिरताना दिसतात, मग गच्चीवर एक छोटी का नको? डोंगरमाथ्यावरच्या उंच मनोऱ्याला मिळणारा वारा आणि शेजारच्या घरांनी, पाण्याच्या टाक्यांनी अडवलेला गच्चीवरचा वारा यांत मोठा फरक आहे. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की ऊर्जा आठव्या हिश्श्यावर येते. तो विषय तिथेच संपला.

सध्या नवीन विषय सुरू आहे. पुण्यात शिकणारा नातू दिवाळीत आला, सगळी जोडणी बघून खूश झाला आणि म्हणाला, आजोबा, आता समुद्री टँक करू, क्लाउनफिश ठेवू. सरांनी कॅलेंडरचं पान उलटलं. समुद्री माशांना पाणी २५-२६ अंशांवर, आणि प्रवाळ ठेवले तर त्यात चढउतार चालत नाही. पंख्याने पाणी उडवायचं तर रोज दोन टक्के पाणी कमी होऊन खारेपणा चढत जाणार. म्हणजे चिलर आला, दीडशे-दोनशे वॅटचा, मे महिन्यात निदान बारा तास. दिवसाला दोन युनिट. लाईट गेली तरी तो थांबून चालणार नाही, तेव्हा बॅटरीही अडीच-तीन युनिटांची. हिशेबाच्या पानाचा फोटो काढून त्यांनी नातवाला पाठवला, आता तो गप्प बसेल अशा अपेक्षेने.

त्याचं उत्तर आलं, "मग हायब्रिड इन्व्हर्टरच बसवा ना आजोबा, घराला पण होईल." सरांनी परवा मला कोटेशन मागितलंय. काकूंना अजून सांगितलेलं नाही.